कोणतंही बंधन नाही

इर्मेला थॉस आमच्या समितीच्या संपादक होत्या. एका प्रोग्रामिंग भाषेचं मानक, म्हणजे त्या भाषेत काय लिहिलं की त्याचा अर्थ काय होतो याची नियमावली, त्यांनी नऊ वर्षं खपून तयार केलं होतं. मी समितीचा चिटणीस. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या ऑफिसात माझं टेबल त्यांच्यासमोरच होतं. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका सकाळी आल्गॉयहून ब्युशेल नावाच्या इंजिनिअरचं पत्र आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि कॉफी तशीच खिडकीत ठेवून दिली.

ब्युशेल डोंगरावरच्या रोपवेंचे प्रोग्राम लिहायचा. केबिन कुठे पोचली हे कळावं म्हणून मशीन दोराच्या चाकाचे ठोके मोजत राहतं. मोजणी ठरावीक हद्दीपलीकडे गेली की आकडा उलटून उणे होतो आणि केबिन कुठे आहे हे मशीनला कळेनासं होतं, म्हणून त्याने एक ओळ घातली होती: आकडा उणे दिसला तर ब्रेक लाव. चाचणीत त्याच्या लक्षात आलं, की नव्या कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ती ओळ गाळूनच टाकली आहे. मानकाप्रमाणे हे बरोबर का, एवढंच त्याने विचारलं होतं.

मानकातलं याबद्दलचं वाक्य बाईंचं होतं. आकडा हद्दीबाहेर गेला, तर 'हे मानक कोणतंही बंधन घालत नाही.' त्यांच्या मनात होतं, की अशा वेळी ज्याचं मशीन जे करत असेल ते करू दे.

त्यांनी तो कंपायलर लिहिणाऱ्या फाल्कला फोन लावला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

"बंधन नाही, म्हणजे तसं कधी घडतच नाही असं धरायला आम्ही मोकळे," तो म्हणाला. "घडतच नाही ते तपासायचं कशाला? म्हणून काढली ओळ."

"असं मी कुठे लिहिलंय?"

"असं धरू नका, हे तरी कुठे लिहिलंय, बाई?"

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी ब्युशेलला फोन केला. नव्या कंपायलरमधून काढलेला हा प्रोग्राम कुठे बसवला आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, एका ठिकाणी, डिसेंबरात. हद्द यायला एप्रिल उजाडेल असा त्याचा हिशेब होता. पण कार्निव्हलच्या सुट्ट्यांत फेऱ्या वाढल्या असतील. त्याने रोपवेच्या ऑफिसातून आकडा मागवून घेतला आणि परत फोन केला. हद्द त्याच दुपारी येणार होती, तीनच्या सुमाराला. तेव्हा साडेअकरा वाजले होते. रोपवेचा मालक मात्र अडून बसला होता: कंपायलर मानकाप्रमाणे आहे असं प्रमाणपत्र त्याच्याकडे होतं, त्यामुळे समितीकडून लेखी आल्याशिवाय तो रोपवे थांबवणार नव्हता.

मानकाचा अर्थ सांगायचा अधिकार फक्त समितीच्या बैठकीला, आणि बैठक जूनमध्ये. हे मीच त्यांना बोलून दाखवलं. आजही आठवलं की लाज वाटते.

"मग जूनपर्यंत माणसं लटकत ठेवायची का?" त्या म्हणाल्या.

समितीच्या कागदावर, स्वतःच्या सहीने त्यांनी लिहिलं: वाक्य सदोष आहे, दोष माझा आहे, रोपवे ताबडतोब थांबवा. फॅक्स मी लावला. त्यानंतरचा दीड तास आम्ही दोघं फॅक्स मशीनशेजारी बसून होतो. एक वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. रोपवे थांबवला होता, वरची माणसं बसने खाली आणत होते.

मला हायसं वाटलं. बाईंचा चेहरा आणखीच पांढरा पडला होता.

"याने पत्र तरी लिहिलं," त्या म्हणाल्या. "ज्यांनी लिहिलं नाही, त्यांचं काय?"

जूनमध्ये अधिकार डावलल्याबद्दल त्यांना ठपका मिळाला. तो त्यांनी निमूटपणे घेतला आणि नवं वाक्य पुढे ठेवलं. अकराही सभासदांना ते स्वच्छ वाटलं, लगेच मत द्यायला हात वर गेले. बाईंनी ते खाली घ्यायला लावले. प्रत्येकाने शेजाऱ्याला न दाखवता, आपल्याला समजलेला अर्थ कागदावर लिहून द्यावा, असं त्या म्हणाल्या. एकजण हसला. बाकीच्यांनी मुकाट्याने पेनं काढली.

मी कागद गोळा करून वाचून दाखवले. अकरा कागदांवर चार अर्थ निघाले. बाईंनी घाम पुसला, वाक्यावर काट मारली आणि दुसरं लिहायला घेतलं.