मुसळ की दंडा

कुसगावातल्या छोट्या संग्रहालयाचं काम राजेश्वरीकडे आलं, तेव्हा लोकांनी दिलेल्या वस्तू दोन खोल्यांत नुसत्या रचून ठेवलेल्या होत्या. विभाग लावायला तिला एक ॲप मिळालं होतं. फोटो काढला की ते वस्तूचं नाव आणि विभाग सुचवायचं. बहुतेक वेळा बरोबर असायचं. पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्याला त्याने होडी म्हटलं, तेवढं तिने हाताने बदललं.

एके दिवशी निलेश छातीएवढ्या उंचीचा जाड दांडा घेऊन आला. तळाला लोखंडी कडं.

"पणजोबांचा दंडा. हा घेऊन चावडीवर बसायचे. दर्शनी ठेवा, मॅडम."

तिने फोटो काढला. ॲप म्हणालं : मुसळ. विभाग : स्वयंपाकघर.

"उजेडात काढा," निलेश म्हणाला.

उजेडातही ते मुसळच होतं.

"मशीनला काय कळतंय! बदला ते."

बदलणं एका बोटाचं काम. पण दांडा मधोमध मुठीएवढा झिजला होता, आणि चावडीवर बसून तो तिथे कसा झिजेल, हे राजेश्वरीला कळेना.

"घरात कुणी जुनं माणूस आहे?"

निलेशच्या घरी त्याची चुलत आजी झुंबरबाई ओट्यावर बसली होती. तिने दांडा हातात घेऊन फिरवला.

"मुसळ हाय. माझ्या सासूचं."

"आजी, पणजोबांचा दंडा हाय त्यो!"

"त्यो बी हाय. बांधावर भांडान लागलं, सासू भात कांडत व्हती. सासऱ्यानं तिच्या हातातनं हिसकून नेलं. मारलं कुनाला न्हाई, पर समदे लय भ्याले. मंग रोजच घेऊन हिंडाया लागला."

"आणि सासूबाई?" राजेश्वरीने विचारलं.

"शेजारनीकडं जायची कांडाया. मुसळ मागनार कुनाला? ते चावडीवर गेलतं."

परतताना दांडा खांद्यावर घ्यावा की हातात, हे निलेशला ठरवता येईना.

ॲप एका वस्तूला एकच विभाग देत होतं. राजेश्वरी निलेशकडे बघत राहिली.

"राहू द्या स्वयंपाकघरात," तो शेवटी म्हणाला.

"वापरणाऱ्याचं नाव?"

ते त्याला माहीत नव्हतं. त्याने आजीला फोन लावला. "गोदा," आजी म्हणाली.

राजेश्वरीने नाव टाकताच ॲपने मुसळ 'नद्या' विभागात हलवलं. तिने ते परत आणलं.

"पणजोबा?" निलेशने विचारलं.

"खाली, टिपेत."



"चालेल," तो म्हणाला. "पण टीप जरा मोठ्या अक्षरात."