चिमटीतलं नाव

सुले, तू आधी नुसतं ऐक. मधे 'हो का गं' सुद्धा करू नकोस, नाहीतर माझा धागा सुटेल.

तर मी शेठच्या केबिनमध्ये उभी. समोर पुंजाकाका, आबांच्याच लाइनवरचे, तेही बहिरे. दाराला पाठ लावून सुपरवायझर सहादू, जसं काही मी पळूनच जाणारे. आणि शेठ काय करतात, तर उठून काचेवरचा पडदा ओढतात. कारण काचेच्या पलीकडे माझे आबा काम करत होते आणि आमचे हात त्यांना दिसायला नकोत! बहिऱ्या माणसाला काच आडवी येत नाही गं, पलीकडचं सगळं 'ऐकू' येतं. पडदा आडवा येतो. शेठ हुशार.

"हे बघ विमल," शेठ म्हणाले, "तो बोलेल तेवढंच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही."

"आन् पोटात बी ठेवायचं नाय," सहादू म्हणाला. "बाप बी त्यातलाच हाय हिचा, शेठ. म्या आधीच सांगितलं व्हतं."

"मग दुसरं कोण आणू? तू बोलतोस का त्याच्याशी?"

सहादूने दाराला पाठ आणखी घट्ट टेकवली.

झालं काय होतं, तर सोमवारी दुपारच्या पाळीत रंगनाथचा हात पॉवर प्रेसखाली आला. तीन बोटं गेली. सातपूरला पत्र्याचे पार्ट काढतात ना, ते मशीन. त्याला पुढे एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती जाळी सकाळच्या पाळीत कुणीतरी पान्याने खोलून ठेवली होती. जाळी नसली की पीस भराभर निघतात, म्हणून. रंगनाथ बिचारा दुपारी येऊन सवयीने बसला. आणि सकाळच्या पाळीला त्या लाइनवर सगळे आमचेच, चार जण, चारही बहिरे. आवाजाचा त्रास होत नाही म्हणून मुद्दाम त्यांनाच प्रेसवर ठेवतात. आबा धरून चार.

आता आबांचं सांगते. सोमवारी घरी आले, ताटावर बसले, घास नाही घेतला. आईने विचारलं, काय झालं? तीही बहिरीच, तुला माहितीये. आबांनी हात उचलला, खाली ठेवला, उठले आणि दिव्याचं बटण बंद केलं. आमच्याकडे 'पुरे आता' म्हणायची हीच रीत. अंधारात काय बोलणार? मी तिथेच बसलेली, हातात भाकरी. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि मंगळवारी कंपनीचा वॉचमन थेट कॉलेजच्या गेटवर. "चल, शेठने बोलावलंय."

आता मला हे काही नवीन नाही. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून रेशनवाल्याशी मी बोलते, डॉक्टरशी मी बोलते. आईचं चौथ्या महिन्यात पोटातलं मूल गेलं तेव्हा ते तिला मीच सांगितलंय, दवाखान्यात, स्टुलावर उभी राहून. सीबीएसच्या एसटी स्टँडवर रविवारी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सगळे बहिरे जमतात ना, तिथे कुणाचं पत्र, कुणाचा अर्ज, सगळे माझ्याकडे. पैसे नाहीत, काही नाही. चहा मिळतो. पण असं पडदा ओढून कुणी बोलायला लावलं नव्हतं.

मी हात उचलले तर पुंजाकाकांनी आधी मलाच विचारलं, "शेठने तुला काय कबूल केलंय?"

"काही नाही, काका."

"मग आलीस कशाला?"

ज्यांनी मला सायकल शिकवली ते, सुले! माझ्याकडे असे बघत होते, जसं मी शेठच्या घरची.

"काय म्हणतो?" शेठ.

"विचारतायत की मी कशाला आले."

"बघा!" सहादू.

मग काकांनी सांगायला सुरुवात केली. आता आमची माणसं सांगतात कशी, तर पार पहाटेपासून. सायकल पंक्चर, गेटवर कोण भेटलं, मशीन पुसलं, पहिला पत्रा वाकडा निघाला, चहावाला आज उशिरा आला, सगळं. हात थांबतच नव्हते. मी म्हणाले, "आठ वाजता जाळी होती. चहानंतर नव्हती."

"एवढा येळ नाच केला आन् एवढंच?" सहादू पुढेच आला. "खाती ही पोरगी, शेठ. निम्मं खाती."

मग शेठनी पान्याचं विचारलं. पाना काकांच्या डब्याच्या पिशवीत सापडला होता. काकांनी एकदाच हात फिरवला, ओठ दाबले, झालं. मी म्हणाले, "पाना त्यांचाच आहे, पण खिळ्याला टांगलेला असतो, ज्याला लागेल तो घेतो, पिशवीत कुणी टाकला ते त्यांना माहीत नाही."

"आता एका झटक्यात एवढं लांबडं?"

सांग ना, ह्याला काय समजावू? चेहरा, भुवया, खांदा, सगळं बोलत असतं. तो नुसता हात मोजत होता.

शेठ खुर्चीत पुढे झुकले. "त्याला सांग. नाव घेतलं तर ज्याचं नाव त्याला काढेन आणि पोलिसात देईन. नाही घेतलं, तर पाना ह्याच्याकडे सापडलाय. हाच जाईल. नीट सांग."

मी नीट सांगितलं. काकांच्या घरात तीन मुली आहेत गं, थोरलीचं लग्न ठरलंय. सगळं माहीत असून मी नीट सांगितलं.

 काकांनी हात वर नेला आणि गळ्याजवळचा शर्ट चिमटीत धरला. बस. सोडला.

तुला नाही कळणार. त्या खोलीत शेठला नाही कळलं, सहादूला नाही कळलं. बहिऱ्यांमध्ये माणसाचं नाव तोंडाचं नसतं, हाताचं असतं. त्यांच्या शाळेत वर्गात हात हलवला की फूटपट्टी बसायची. तोंडाने 'प' म्हणा, 'ब' म्हणा. मग खरं बोलणं व्हायचं ते रात्री वसतिगृहात, आणि तिथेच एकमेकांची नावं पडली. एक पोरगा होता, त्याच्या शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं, थंडीत गळ्याशी चिमूट धरून बसायचा. त्याचं नाव पडलं ते. सावळीराम हे रेशनकार्डावरचं. चिमूट हे खरं.

माझे आबा, सुले.

माझ्या कानात नुसता प्रेसचा आवाज. मी काकांना विचारलं, "परत सांगा." त्यांनी परत धरली चिमूट. सावकाश. डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

"खरं का?" मी विचारलं. दोघांच्या समोर विचारलं, कुणाला कळतंय!

काका म्हणाले, "तू विचारलंस, मी सांगितलं. आता पुढचं तुझ्या तोंडात."

"काय गुलुगुलु चाललंय?" सहादू ओरडला.

आणि बघ, एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय आलं. आबांनी जेवण टाकलं ते. दिवा बंद केला ते. म्हणजे खरं असेल. पण लगेच वाटलं, काका काही भोळे नाहीत. त्यांना स्वतःला वाचवायचं होतं आणि कुणाला अडकवायचंही नव्हतं. मग चार नावांतलं एकच नाव असं, जे माझ्या तोंडातून बाहेर पडणारच नाही. तेच त्यांनी दिलं नसेल? शेठला दिसलं की ह्याने सांगितलं, आणि ते नाव बुडवायचं काम माझ्यावर. किंवा सहादूनेच पाना पिशवीत टाकला असेल. जाळी काढा, पीस वाढवा, असं रोज तोच तर खुणावतो म्हणे! कुणावर विश्वास ठेवू? स्वतःवर पण ठेवता येईना.

"नाव घेतलं का त्याने?" शेठ.

माझं तोंड म्हणालं, "नाही. त्यांनी पाहिलं नाही म्हणतात."

माझं तोंडच म्हणालं, शपथ.

 शेठ ताडकन उठले, पडदा सर्रकन बाजूला केला आणि स्वतःच काकांना खूण केली. दाखव! कोण ते दाखव! ती खूण कुणालाही कळेल. काचेपलीकडे तिघं मशीनवर. आबा पाठमोरे, डोकं खाली. नुसतं बोट उचलायचं होतं गं. माझी गरजच नव्हती.

काकांनी काचेतून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. हात जिथे होते तिथेच राहिले.

"झालं तर," शेठ म्हणाले. "हिशोब करून टाक ह्याचा, सहादू."

ते मी काकांना सांगायलाच पाहिजे होतं ना? तेसुद्धा मीच सांगितलं. काकांनी मान हलवली, कंपनीचा खाकी शर्ट काढला, घडी केली, टेबलावर ठेवला आणि बनियनवर बाहेर गेले.

आज सकाळी ते सटाण्याला गेले, बायको-पोरी घेऊन, भावाच्या शेतावर. मी सीबीएसवर गेले होते, आबांना न सांगता. काका गाडीत खिडकीशी बसले होते, मांडीवर भांड्यांचं मोठं बोचकं, दोन्ही हातांनी धरलेलं. काच बंद. आम्हाला काय, बंद काचेतूनही बोलता येतं. मी खाली उभी राहून विचारलं, "काका, खरं होतं का?"

त्यांनी पाहिलं. माझे हात पूर्ण पाहिले. कंडक्टरने घंटी मारली, गाडी हलली, मी बरोबर चालत परत विचारलं, पळत विचारलं. एक हात मोकळा केला असता तरी पुरे होतं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि बोचकं काही त्यांनी सोडलं नाही.

काल आबांनी आल्या आल्या दिवाच बंद केला; आज ते पुन्हा कामावरून येतील. पुंजा काय म्हणाला, असं ते विचारतील, किंवा विचारणार नाहीत, आणि मला दोन्हीची भीती वाटतेय. आता बोल तू. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?