अकरा नंबरचा प्लॉट

मित्रांनो, मी प्लॉट मोजायचा एक जुना पोलादी टेप आहे. माझे आकडे पुसट झाले आहेत, पण माप अजून इंचभरही चुकत नाही. एवढा गर्व मला माफ करा.

रुपरावांनी मला इतवारीच्या बाजारातून आणले, तेव्हा शहराबाहेर हुडकेश्वरला नुसती शेते होती. ते प्लॉटची दलाली करत. गिऱ्हाईक आले की कोपऱ्याच्या दगडाला मला लावत आणि दुसरे टोक त्याच्याच हाती देत. "आपल्या हातानं मोजा गा," म्हणत. लोक हौसेने मला काट्याकुट्यांतून ओढत नेत. त्या दिवसांची फार आठवण येते.

मग फोनवर सारे दिसू लागले. प्लॉट, भाव, नकाशा, सातबारासुद्धा. लोक पुण्यात बसून हुडकेश्वरचा प्लॉट घेऊ लागले. रुपरावांकडे कोणी फिरकेना, मी पिशवीत पडून राहिलो. त्यांची मुलगी कामिनी, तिनेही प्लॉट फोनवरच घेतला. ते मात्र आम्हा दोघांना फार लागले.

भूमिपूजनाला रुपराव पाहुण्यासारखे गेले. सवयीने मी सोबत होतोच. नारळ फुटला होता, चुन्याने पाया आखलेला होता आणि खोदणारे उभे होते. रुपरावांची नजर प्लॉटांच्या ओळीच्या टोकाला, कोपऱ्याच्या दगडावर खिळली.

"मोजलं काय वं?" त्यांनी विचारले.

"फोनच्या नकाशात पिन आहे ना, बाबा. आता काहून मोजायचं?"

लेकीचा हिरमोड होईल, हे त्यांना कळत होते. पण पाया चुकला तर तिचे घर दुसऱ्याच्या जमिनीत उभे राहणार होते. त्यांनी माझे टोक तिच्या हाती दिले.

दगडापासून तीस-तीस फुटांचे दहा प्लॉट मोजले. पुढचा अकरावा तिचा. चुना मात्र बाराव्यावर पडला होता, आणि तो रुपरावांनीच पूर्वी सुमतीबाईंना विकला होता.

"आपण सुमतीबाईच्या जागेत नारळ फोडून बसलो," ते हळूच म्हणाले.

फोनचा दोष नव्हता. पिन टोचणाऱ्याने ती एक प्लॉट पुढे टोचली होती.

कामिनी ओशाळली. माझी माती धुवायला तिने तांब्या उचलला.

"पाणी नको लावू वं, गंजते."

तिने मला पदराने पुसले आणि ती म्हणाली, "बाबा, दार कोणीकडं घ्यायचं, तुम्हीच सांगा."

मित्रांनो, फोन जरूर वापरा. पण जुना टेप ओला गुंडाळू नका, आणि तो धरणाऱ्या माणसाला नुसते भूमिपूजनाला बोलावू नका, प्लॉट घेण्याआधी विचारा.