बस म्हणेपर्यंत

मास्तरांच्या घरात नवखा पाहुणा आला की त्याची पहिली चूक ठरलेली असे: तो बाहेरच्या खोलीतलं कपाट उघडून आपली ओली छत्री आत ठेवायला जाई. आत कपडे नसतच. एक स्टूल, एक हेडफोन, आणि चहूबाजूंनी चिकटवलेला जाड स्पंज. बायको गेल्यावर मास्तरांनी तिच्या सागवानी कपाटाची ही ध्वनिबंद खोली केली होती, दाराला वीतभर काच बसवून. "तिला शांतता आवडायची," एवढंच ते त्याबद्दल सांगत. स्पंजामागून डांबराच्या गोळ्यांचा वास अजून यायचा, आणि आत बसून दार ओढून घेतलं की त्यांच्या लेकीला, ढमीला, कानाच्या तपासणीच्या आधी आईची आठवण व्हायची.

ढमी चाळिशी ओलांडलेली आणि अंगाने काटकुळी. नाव तेवढं लहानपणीच्या बाळशातून चिकटलेलं. लग्नाचं जमलं नाही असं नातेवाईक म्हणत, जमवलंच नाही असं ती म्हणे. कारखान्यांच्या दवाखान्यांत कामगारांचे कान आणि श्वास तपासणारी यंत्रं वर्षातून एकदा या घरी येत आणि खरं बोलायला शिकून परत जात. यंत्र खोटं बोललं तर ते भोगायचं कामगाराने, हे मास्तरांनी लेकीला इतक्यांदा ऐकवलं होतं की ते वाक्य सुरू झालं की ती पुढचं स्वतःच पुरं करी.

फुंकायच्या यंत्राला आधी पंप दाखवायचा. मोठ्या पिचकारीसारखा हा पंप प्रत्येक वेळी मोजून तीन लिटर हवा ढकलतो. ऐकायच्या यंत्राला धातूचा कान दाखवायचा, म्हणजे हेडफोनमधला आवाज मोजणारी डबी. या धंद्यातले पुष्कळजण तिथेच हात झटकतात. मास्तर मात्र म्हणत, "पंपाला खोकला येत नाही आणि धातूच्या कानाला कंटाळा येत नाही. यंत्राला शेवटी माणूस दाखवावा." म्हणून रविवारी सकाळी, चहाच्या आधी, ढमी फुंके आणि तिच्यामागून ते, ढमी कपाटात बसे आणि तिच्यामागून ते. दोघांचे आकडे नेहमीसारखे आले की यंत्र पास. एकजण फुंकत असताना दुसऱ्याने "अजून, अजून" म्हणत राहायचं, आणि त्याने "बस" म्हणेपर्यंत थांबायचं नाही, हा घरचा कायदा होता. लहानपणी ढमी दुधाचा पेलासुद्धा "बस" ऐकल्याशिवाय तोंडापासून काढत नसे.

मधे मास्तरांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी मान हलवली, नातेवाईक भेटून गेले, आणि ढमी उशाशी बसून राहिली. त्यांचा हात आपल्या छातीवर धरून ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "माझ्याबरोबर श्वास घ्या बाबा. माझ्याबरोबर." मास्तर घरी आले ते अगदी पाप्याचं पितर होऊन. पण पहिल्याच रविवारी फुंकले, आणि आकडा आला जुना, जसाच्या तसा. ढमीच्या जीवात जीव आला. त्यानंतरही तो आकडा हलला नाही.

खरं तर तिचं चुकलं ते इथेच. उतारवयात माणसाचा श्वास दर वर्षी थोडा थोडा झिजतो, कानही झिजतात, हे ती कामगारांना तोंडपाठ समजावून सांगे. म्हाताऱ्याचा आकडा हलत नसेल तर तो तपासून बघावा, हे धंद्यातलं पहिलं शहाणपण. पण दिव्याखाली अंधार! बापाचा श्वास कमी होत नाही म्हणून कुठली लेक तक्रार करील?

एका रविवारी कपाटात बसल्यावर तिला हेडफोनमधली सगळ्यात बारीक शिट्टी ऐकू आली नाही. तिने हेडफोन बदलला, वायर बदलली. धातूच्या कानाला शिट्टी व्यवस्थित पोहोचत होती. मग मास्तर आत बसले आणि ऐकू आल्याची खूण म्हणून काचेमागे त्यांचं बोट लगेच वर आलं. तिने आवाज कमी केला, बोट वर. आणखी कमी केला, बोट वर. यंत्र ज्याच्या खाली उतरू शकत नाही तिथवर ती गेली, आणि बोट शांतपणे वर आलं.

"झकास आहे हे यंत्र," बाहेर येत ते म्हणाले. "वरच्या बाईंना सांग, त्यांचा नळ ठिबकतोय."

ढमीने वर बघितलं. तिला काही ऐकू येत नव्हतं.

पुढे जिना जड वाटायला लागला. रविवारच्या तिच्या फुंकरीचा आकडा आधी किंचित उतरला, मग चांगलाच उतरला, आणि पंपाची हवा तर यंत्र दर वेळी निमूटपणे तीन लिटरच दाखवत होतं. एका कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. त्यांनी तिने नेलेले रविवारचे आकडे पाहिले, छातीचा फोटो काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"फोटोत काही नाही. पण हे आकडे पंच्याहत्तरीच्या माणसाचे आहेत हो. चुकून वडिलांचे तर नाही ना दिलेत?"

ढमी हसली. घरी येताना जिन्याच्या वळणावर धापा टाकत उभी राहिली, आणि वरून मास्तर तरातरा खाली आले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. तेव्हा तिला सगळं कळलं, आपला श्वास कुठे जातोय ते. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. आनंद झाला. कुणाला कळलं तर हे थांबेल, एवढीच तिला धास्ती होती.

म्हणून तिने ते लपवायला सुरुवात केली. "मी मघाशीच फुंकले, तुम्ही आंघोळीला होतात," असं सांगे. कधी "आज घसा बसलाय." ज्या माणसाला वरच्या मजल्यावरचा नळ ऐकू येतो त्याच्यापासून ती आपली धाप लपवू बघत होती!

एका रविवारी मास्तर तिच्या आधीच यंत्रापुढे बसलेले होते.

"आज आधी मी."

"असं कसं? रीत आहे ना, बाबा."

"रीत माझीच आहे." मग जरा थांबून म्हणाले, "झोपेत तुझी छाती वाजते, ढमे. भिंतीपलीकडून ऐकतो मी. मला वाटायचं, माझीच वाजतेय."

त्यांनी नळी तोंडात धरली आणि ते फुंकले. तोंडात बसलेल्या सवयीने ती "अजून, अजून" म्हणत राहिली, आणि "बस" म्हणायचं भान तिला फार उशिरा आलं; तोवर त्यांनी उसना श्वास सगळा सोडून दिला होता. आकडा उमटला तो एका म्हाताऱ्या, आजारातून उठलेल्या माणसाचा. मास्तरांनी तो चष्मा लावून बघितला आणि ते समाधानाने हसले.

"आत्ता खरं बोललं."

त्यांनी नवी नळी काढून तिच्यापुढे धरली.

"नको, बाबा. मला चालतंय असं. खरंच चालतंय."

"मला नाही चालत."

तिने अर्धाच श्वास घेतला आणि अर्धाच सोडला.

"फसवतेस?" ते हळूच म्हणाले. "कुणाला? यंत्राला की मला? शिकवलंय कोणी तुला?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी आपली खुर्ची तिच्यामागे ओढली आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला, लहानपणी खोकला झाला की ठेवत तसा.

"डोळे मिट. घे. अजून घे. भरपूर. आता सोड."

ढमीने सोडला. वाटलं होतं तिथे तो संपला नाही. "अजून," मास्तर म्हणाले. पाठीवरचा हात ऊबदार होता. श्वास येतच राहिला, कुठून येत होता कोण जाणे, आणि तिला वरच्या मजल्यावरच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं. मग स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक. मग कपाटाच्या लाकडाची बारीक करकर. "अजून," मास्तर म्हणाले, जरा लांबून म्हटल्यासारखं. तळवा अजून पाठीवरच होता, नुसता टेकलेला. "अजून..."

आता ढमीला खोलीतलं सगळं ऐकू येत होतं, पाठीमागचा श्वास तेवढा नाही. डोळे घट्ट मिटून, कान मागे लावून ती फुंकत राहिली, कारण "बस" अजून कोणी म्हटलं नव्हतं.