दोन तोंडांचा गाळा

वडील गेल्यावर गाळा बहीण-भावाच्या नावावर झाला, पण तिथे बसायची एकटी बहीणच. वडिलांच्या हाताखाली ती फोटोंच्या फ्रेमा करायला शिकली होती. ते अंथरुणाला खिळल्यापासून दुकान तिनेच ओढलं. बाजारात सगळे तिला फ्रेमवाली ताई म्हणत. मोठा भाऊ, तिचा दादा, दुसऱ्या शहरात नोकरीला होता आणि त्याने दुकानात कधी लक्ष घातलं नव्हतं. पण मुलीच्या कॉलेजचा खर्च अंगावर आला तेव्हा त्याचा फोन आला.

"माझा अर्धा वाटा मोकळा कर. परक्याला विकू म्हणत नाही, तूच घे. फक्त किंमत कर खात्याने लावलीय ती धरायची."

कर खात्याने त्या वर्षी गाळ्याची किंमत भलतीच चढवली होती. त्यांच्या कागदावर होतं, कोपऱ्याचा गाळा, दोन्ही अंगांना रस्ता, दोन शटर. वाचून तिला आधी हसू आलं आणि मग डोकं तापलं.

बाजूचं शटर वडिलांच्या आजारपणापासून उघडलंच नव्हतं. ते एका अरुंद बोळात उघडायचं आणि शेजारच्या भांडीवाल्याने त्या बोळात, अगदी शटरला चिकटून, आपला जनरेटर आणून बसवला होता. वर खोक्यांची चळत. फ्रेमच्या पट्ट्या लांबलचक येतात, माणसाच्या दीडपट. पूर्वी टेम्पो बोळाच्या तोंडाशी लागायचा आणि पट्ट्या बाजूने सरळ आत जायच्या. आता पुढच्या दारातून घ्याव्या लागत, आणि दुकानाच्या बरोबर मधोमध खांब. त्याला वळसा घालताना कधी एखाद्या पट्टीचं पॉलिश उडे, कधी टांगलेली फ्रेम खाली येई, आणि गिऱ्हाईक आत असलं तर त्याला बाहेर उभं करावं लागे.

भावाचा वाटा विकत घ्यायचा म्हणून तिने बँकेत कर्जासाठी अर्ज केला. बँकेने किंमत ठरवायला आपला माणूस पाठवला. अबोल गृहस्थ होते. त्यांनी टेपने लांबी-रुंदी घेतली, खांबाभोवती फिरले, छताखालून गेलेला वरच्या मजल्याचा पाइप बघितला, मागच्या भिंतीच्या ओलीवर बोट फिरवून पाहिलं. मग बाजूचं शटर उचलायला गेले. ते दोन बोटं वर आलं आणि खटकन अडकलं.

"हे उघडत नाही?"

"नाही. बाहेर जनरेटर आहे."

"मग मी ही भिंतच धरणार," ते म्हणाले.

बँकेची किंमत कर खात्याच्या किमतीच्या जेमतेम निम्म्याला पोचली. ती भावाला कळवल्यावर तो भडकला.

"त्या माणसाला काय पढवलंस?"

"मी कशाला पढवू? त्याला डोळे आहेत."

"सरकार म्हणतं कोपऱ्याचा गाळा, आणि तुझी बँक म्हणते बिळ. मला काय दूधखुळा समजतेस?"

तिने फोन आपटला. रात्रंदिवस दुकानात खपायचं आणि वर चोर ठरायचं, हे तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ती तडक कर खात्यात गेली आणि हरकत नोंदवून आली. बऱ्याच दिवसांनी तपासनीस आला. त्याने बोळात डोकावून पाहिलं, आत येऊन शटरवर टकटक केलं.

"शटर तर आहे, बाई."

"उघडत नाही ना पण!"

"ते उघडणं न उघडणं तुमचा खाजगी प्रश्न. आमच्या नकाशात तो बोळ म्हणजे रस्ता आहे. रस्त्याला लागून शटर आहे. म्हणजे दोन तोंडं झाली."

"रस्ता आहे ना? मग रस्त्यावरचा जनरेटर उचला."

"ते आमच्याकडे येत नाही. अतिक्रमणवाल्यांकडे जा."

कर खात्याच्या खालच्याच मजल्यावर अतिक्रमणवाल्यांची खिडकी होती. तिथल्या बाईंनी त्यांच्याकडचा नकाशा उलगडला आणि मान हलवली. त्यांच्या नकाशात तिथे बोळ नव्हताच. दोन इमारतींमधली मोकळी जागा होती, खाजगी. "तुमचं तुम्ही आपसात मिटवा," असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

फ्रेमवाली जिन्यातच बसली. एकाच इमारतीत, एक मजला चढलं की रस्ता आणि उतरलं की रस्ता गायब! कुणावर ओरडावं हेही तिला कळेना.

भांडीवाल्याला सांगून तर तिची जीभ झिजली होती. गोडीत सांगून झालं, रागावून झालं, त्याच्या बायकोमार्फत निरोप धाडून झाला. तो प्रत्येक वेळी हात जोडून हसायचा. "ताई, पुढच्या आठवड्यात नक्की. तुमचं काम म्हणजे माझं काम." आणि जनरेटर जागचा हलायचा नाही.

शेवटी दादाच आला. "मी स्वतः बघतो काय भानगड आहे ती," म्हणत, प्रवासाची बॅग घेऊनच दुकानात शिरला. नेमका पट्ट्यांचा टेम्पोही तेव्हाच दाराशी लागला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आलायस तर हात लाव."

दादाने रुबाबात एक जुडगा खांद्यावर घेतला. दारातून आत आला, खांबापाशी वळला आणि जुडग्याचं मागचं टोक थेट भिंतीवर. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा फोटो काचेसकट जमिनीवर आला. दादा गोंधळून उलटा वळला, तर पुढचं टोक पाइपवर आदळलं.

"अरे, हा खांब आहे की शत्रू?" तो ओरडला. "तू रोज असंच करतेस?"

"माल आला की दर वेळी. गेली दोन वर्षं."

त्याने जुडगा खाली टाकला, शर्टावरची धूळ झटकली आणि बाहेर पडला. बोळातून त्याचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू गेला. हा जनरेटर तुझ्या बापाच्या जागेत ठेव, आत्ताच्या आत्ता हलव, नाहीतर मी उचलून रस्त्यावर फेकतो, असं बरंच काही. दुपारचं जेवण व्हायच्या आत भांडीवाल्याच्या माणसांनी खोकी उचलली आणि जनरेटर ढकलत आपल्या दुकानामागे नेला. भांडीवाला स्वतः येऊन म्हणाला, "दादा, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर केव्हाच हलवला असता. ताई कधी एवढ्या जोरात बोलल्याच नाहीत."

फ्रेमवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली हातोडी तिने टेबलावर अशी आपटली की भांडीवाला दोन पावलं मागे सरला.

"बोलले नाही मी? दोन वर्षं काय मुकी होते?"

तो पुटपुटत निघून गेला. दादा मात्र खुशीत होता. शटरला तेल घालून त्याने ते वर ढकललं. बोळातला उजेड आत आला.

"झालं की नाही काम?" तो म्हणाला. "आता बोलव तुझ्या बँकेच्या माणसाला. परत मोजू दे."

तेच अबोल गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी शटर खालीवर करून पाहिलं, बोळाची रुंदी घेतली. नवी किंमत कर खात्याच्या किमतीच्या अगदी जवळ गेली. दादाने तिच्यासमोरच हिशोब मांडला आणि आपल्या वाट्याचा आकडा सांगितला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे तू एकदा ओरडलास, त्याचे पैसे मी तुला द्यायचे?"

"ओरडण्याचे कुठे? गाळ्याची किंमतच तेवढी आहे."

"आज आहे. दोन वर्षं ते शटर बंद असताना धंदा कुणी धरून ठेवला? गिऱ्हाइकांची बोलणी कुणी खाल्ली? तेव्हा तू कुठे होतास? जनरेटर तेव्हाही तिथेच होता, दादा. तुझा घसाही होता."

दादा खांबाला टेकला. मग म्हणाला, "मुलीचं कॉलेज नसतं तर मी मागितलेच नसते गं."

"माहीत आहे मला. म्हणून तर देतेय. पण एवढे नाही."

दोघांनी संध्याकाळपर्यंत घासाघीस केली. दोनदा तो बॅग उचलून दारापर्यंत गेला आणि परत आला. शेवटी बँकेच्या दोन किमतींच्या मधली किंमत ठरली. दोघांनाही ती पटली नाही. सह्या करताना दादा म्हणाला, "तू अडून बसलीस म्हणून." ती म्हणाली, "तू भाऊ आहेस म्हणून." कर खात्याचा आकडा होता तसाच राहिला. आता तिथे हरकत घ्यायला तिला तोंडच उरलं नव्हतं.

कर्ज मिळालं, गाळा तिच्या एकटीच्या नावावर झाला. पुढे कितीतरी दिवस दोघांत फोन नव्हता. मग एके दिवशी त्याच्याकडून एक पाकीट आलं. आत मुलीचा कॉलेजच्या दारातला फोटो होता आणि मागे लिहिलं होतं, चांगली फ्रेम कर, बिल पूर्ण लाव.

तिने दुकानातली सगळ्यात महागडी पट्टी काढली, फ्रेम केली आणि बिल लावलं. पूर्ण.