घरघरीपलीकडचा निरोप

“वैनी, घरघर मारतो म्हटलं त नागपूरबी मरते,” धर्मपालनं एरियलवरचा हात काढला.

त्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर चतुराबाई बसली होती. बासष्ट सालचा नोव्हेंबर. अकोल्यात कापसाचा हंगाम जोरात होता आणि जिनिंग फॅक्टरीच्या मोटारीची घरघर आसपासच्या सगळ्या रेडिओंत शिरत होती. चतुराबाईचा मुलगा भगवंत सरहद्दीवर कामी आल्याची तार परवा आली. त्याआधी छावणीत आकाशवाणीनं इतर जवानांसोबत त्याचाही घरच्यांसाठीचा निरोप टेपवर भरून घेतला होता. तो आज संध्याकाळी नागपूर केंद्रावरून लागायचा होता, एकदाच.

“एवढे मोठे फौजी तुमी, अन् एका मोटारीले हारले?” शेजारची मैनाबाई म्हणाली.

धर्मपाल हसला नाही. महायुद्धात तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रडारवर होता. शत्रू मुद्दाम लहरींचा गोंगाट सोडी, रडारचा पडदा पांढरा पडे. मग त्या दिशेपुरतं एरियल बहिरं करायचं. पडदा स्वच्छ होई, पण त्या दिशेनं येणारं विमानही दिसत नसे. एकदा तसं विमान आलं होतं.

लाकडी चौकटीवर तार गुंडाळून केलेलं हे एरियलही एका दिशेला बहिरं करता येई. पण दुकानापासून फॅक्टरी पूर्वेला होती आणि नागपूरही पूर्वेलाच.

फॅक्टरीचा मुकादम नत्थुजी आला. “चतुराबाई, अर्धा घंटा मशीन बंद ठेवतो. मालकाले मी पाहून घेतो.”

“नोका करू. बाया कामावर हायेत. त्याईची मजुरी कावून बुडवता?”

ती स्वतःही तिथलीच मजूर होती.

धर्मपालनं रेडिओ, बॅटरी आणि चौकट हातगाडीवर चढवली. तो, चतुराबाई आणि मैनाबाई फॅक्टरीला वळसा घालून उत्तरेच्या पडीत वावरात गेली. तिथून फॅक्टरी दक्षिणेला राहिली, नागपूर पूर्वेलाच. त्यानं चौकट हळूहळू फिरवली. घरघर पातळ झाली, मग संपली; नागपूर मात्र ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या आयांची मुलं बोलून गेली. मग आवाज आला, “माय, मी भगवंत बोलून राहिलो. बरा हावो. इथं थंडी लय हाय. तू येळेवर जेवत जाय.”

पुढचा जवान बोलू लागला. धर्मपालनं चौकट तशीच धरून ठेवली.

“हव,” चतुराबाईनं रेडिओला होकार दिला.

तार आल्यापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. मैनाबाई दोन दिवस भाकर घेऊन तिच्यामागं हिंडत होती. तिनं आता भाकरीचं फडकं सोडलं. चतुराबाईनं तुकडा मोडला आणि कितीतरी वेळ चावत राहिली.