थॉर्नबीची माफी

त्सुकुबाच्या त्या प्रदर्शनात एलायस थॉर्नबी खुर्चीत बसला होता. खरा नव्हे, पडद्यावरचा. खऱ्याला जाऊन शतक उलटलं. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि या अमेरिकन वकिलाने उत्तरं द्यायची, अशी योजना. उत्तरं माझ्या सुनेने, वैभवीने लिहिली होती. बाहेरच्या पाटीवर लेखिका म्हणून तिचं नाव लागणार होतं, जपानमध्ये पहिल्यांदाच. उद्घाटनाआधी म्हाताऱ्या माणसांनीही बोलून बघावं म्हणून तिने मला नेलं होतं.

मी शाळेत इंग्रजी शिकवलंय, त्यामुळे गप्पा जमल्या. बाप लाकूडतोड्या, कायद्याची पुस्तकं उसनी आणून वाचलेली. पळून आलेल्या गुलामांचे खटले त्याने फुकट लढवले, गावाने दगड मारले. मला तो आवडायला लागला. मग मी विचारलं, "संसदेत निवडून गेल्यावर चिनी आणि जपानी मजुरांना देशात घेऊ नका म्हणालात, ते का?"

थॉर्नबीने मान खाली घातली. "माझी चूक झाली. मला मनापासून पश्चात्ताप होतो."

मी वैभवीकडे वळले. "हे कधी म्हणाला तो?"

"नाही म्हणाला, आई."

"तू तर म्हणालीस, त्या भाषणाची मरेपर्यंत फुशारकी मारायचा."

"मारायचाच. पण ट्रायलला आलेल्या पालकांना वाईट वाटलं. आमचे व्यवस्थापक मुराता-सान म्हणाले, एक माफी घाला, लोक प्रसन्न होऊन घरी जायला हवेत." ती हळू बोलत होती. "इथे सगळेच माफी मागतात, आई. गाडीला मिनिटभर उशीर झाला तरी गार्ड मागतो."

"तो स्वतःच्या गाडीची मागतो."

माझे वडीलही वकील, आणि आमच्या गावचे नगराध्यक्ष. गावात नळ आले तेव्हा त्यांनी पाइप पद्मिनीच्या वस्तीच्या अलीकडे थांबवला. पद्मिनी माझ्या वर्गात होती. ओढ्यावरून पाणी आणून मग शाळेत यायची, परकराचा काठ ओलाच असायचा. वडिलांच्या जन्मशताब्दीला एक वक्ता म्हणाला, उतारवयात त्यांना त्याची फार खंत वाटे. शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी मी होते. पाइप योग्य जागीच थांबला, असंच ते म्हणत गेले. त्या सभेत पद्मिनी माझ्या शेजारी होती. बाहेर चपला शोधताना म्हणाली, "खंत वाटायची म्हणे. मला कुणी कळवलं नाही ते." आणि लोक येऊन तिलाच सांगत होते, आता सोडून द्या झालं गेलं. न मागितलेल्या माफीचं श्रेय वडिलांना मिळालं, आणि क्षमा करायचं काम तेवढं पद्मिनीकडे आलं.

हे मी वैभवीला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

"तुमचं पटतं हो," ती म्हणाली. "पण मी अडून बसले तर पाटीवरून माझं नाव काढतील."

तेवढ्यात मुराता-सान आले. गृहस्थ सौजन्याने वाकले आणि त्यांनी जपानीत काही विचारलं.

"कसं वाटलं विचारतायत," वैभवी म्हणाली.

"सांग, हा माणूस माझ्याशी खोटं बोलला. आणि ज्यांना त्याने दार लावलं, त्यांच्या नातवंडांशीही बोलणार आहे."

मी कान देऊन ऐकत राहिले. मला जपानी येत नाही, पण 'सुगोई' म्हणजे छान, एवढं इथल्या दोन वर्षांत कळलंय. तो शब्द आला नाही. ती बराच वेळ बोलली. मुराता-सानांचं हसू गेलं. त्यांनी एकदा थॉर्नबीकडे पाहिलं, पुन्हा वाकले आणि निघून गेले.

"काय म्हणाले?"

"वर विचारून सांगतो म्हणाले. म्हणजे नाव गेलंच समजा."

"मग आता?"

"आता काय. वरून उत्तर यायच्या आत जुनं उत्तर परत घालते. ते काढायचं तर त्यांनी स्वतः काढावं, माझ्या हाताने नको." तिने तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने म्हणाली, "विचारा आता."

मी तोच प्रश्न विचारला. या वेळी थॉर्नबीने मान ताठ ठेवली. "त्या भाषणातला एकही शब्द मी मागे घेत नाही. माझ्या राज्याने त्यासाठी मला पुन्हा निवडून दिलं."

मघापासून मी मुराता-सानांवर चिडले होते, त्या जुन्या वक्त्यावर चिडले होते, वैभवीवरसुद्धा. आता तो राग थॉर्नबीवर गेला.

"बसून राहा थॉर्नबी," मी म्हटलं, "मला अजून बरंच विचारायचंय."